टिचकी मारा, जिरं सापडेल

इंदापूरच्या साहेबराव सरांना जगातली कुठलीही गोष्ट कुठं आहे ते विचारा, डोळे मिटून सांगतील. मलाक्काची सामुद्रधुनी म्हणा, टिटिकाका सरोवर म्हणा. नरसिंहपूरला नीरा आणि भीमा कुठल्या कोनात एकमेकींना भेटतात, हे ते दोन बोटं जुळवून असं दाखवत की पुढच्या बाकावरची पोरं पाय वर घेऊन बसत. फक्त स्वतःच्या घरात जिरं कुठं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला एवढी सूट द्यायला कुणाची हरकत नसावी. पण शालनबाई आता ती द्यायला तयार नव्हत्या.

"ह्या टायमाला मी शिबिराला जानार म्हंजे जानार," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आनि ह्या टायमाला जर मला परत बोलावलंत, तर पुन्हा जन्मात नाव काढनार न्हाय. सांगून ठिवते."

शिबीर म्हणजे विपश्यनेचं. दहा दिवस बोलायचं नाही, लिहायचं नाही, आणि फोन तर दारातच काढून घेतात. शालनबाईंनी त्यासाठी दोनदा नाव घातलं होतं आणि दोनदा तोंडघशी पडल्या होत्या. पहिल्या खेपेला बॅग भरून तयार होती, तर सरांनी "माझे मोजे कुठं ठेवलेत?" असं इतक्या पोरक्या चेहऱ्यानं विचारलं, की त्यांनी गुपचूप बॅग उपसली. दुसऱ्या खेपेला तर त्या केंद्राच्या फाटकापर्यंत गेल्या होत्या. फोन जमा करणार एवढ्यात तो वाजला. "शालन, तूप कुठंय गं?" त्याच रिक्षानं त्या माघारी फिरल्या. तूप फ्रिजच्या दारात होतं. सरांनी फ्रिज उघडून आत सगळीकडं बघितलं होतं, पण दार हाही फ्रिजचाच भाग आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" सर म्हणाले.

"च्याची पावडर कुठाय?"

सर उठले. ताठ मानेनं स्वयंपाकघरात गेले, आणि थोड्या वेळानं मेथीचे दाणे घेऊन आले.

शालनबाईंनी ते दाणे परत डब्यात ओतून ठेवले. हे सरांना फार लागलं. त्याच संध्याकाळी त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला.

मुलगा बुद्धभूषण एका कंपनीत होता. तो नक्की काय करतो, हे सरांना अनेक वर्षं कळलं नव्हतं. शेजारी विचारीत, तेव्हा ते "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं, पाणबुडीत आहे म्हटल्यासारखं सांगत. तर तो काय करी, की मोठमोठ्या यंत्रांची आणि सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिही. ती कुणी वाचत नसे. म्हणून मग तो चित्रं करी. यंत्राचं चित्र पडद्यावर काढायचं, आणि त्यातल्या ज्या भागावर टिचकी माराल, त्या भागाचं पान उघडलं पाहिजे. पुन्हा त्या पानावरच्या चित्रात टिचकी मारली की आणखी आतलं पान.

"पप्पा, तुम्ही घराचंच तसं करा की," तो हसत म्हणाला. तो चेष्टेत म्हणाला होता. पण सर कधी कुणाची चेष्टा वाया जाऊ देत नसत.

दुसऱ्या दिवशी ते मुलानं दिलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी बारामतीला जाऊन माऊस घेऊन आले, आणि तिसऱ्या दिवशी टेप घेऊन स्वयंपाकघराच्या मोजणीला लागले. शालनबाई भाजी चिरतायत आणि सर त्यांच्या कानाजवळून टेप ओढतायत, असं दृश्य त्या घरानं कधी बघितलं नव्हतं.

मोजणी एक वेळ सोपी होती. डब्यांचं काय करायचं? बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा. सुईदोऱ्याच्या डब्यात हिंग. आइस्क्रीमच्या डब्यात शेंगदाण्याचं कूट, आणि एका देखण्या चिनी मातीच्या बरणीत रबरबँड.

"हे असं का?" सरांनी विचारलं.

"हिंगाचा वास बाकीच्यांना लागतो. म्हनून तो येगळा."

"मग सुईदोऱ्याचा डबाच का?"

"त्याचं झाकान घट बसतं."

"आणि सुईदोरा बिस्किटाच्या डब्यात का?"

"त्याचा डबा हिंगाला दिला ना," शालनबाई म्हणाल्या, आणि सरांच्या बुद्धीची मनापासून काळजी वाटल्यासारखं त्यांच्याकडं बघत राहिल्या.

बरं, एकाही डब्यावर नाव नाही. चिठ्ठ्या चिकटवू का, असं शालनबाईंनी विचारलं, तर सरांचा अपमान झाला. नकाशा असताना चिठ्ठ्या लावणं म्हणजे होकायंत्र खिशात असताना गुराख्याला वाट विचारण्यासारखं आहे, असं ते म्हणाले.

मुलानं फोनवर सांगितलेल्या कृतीनं नकाशा झाला. आता भूगोलाचा शिक्षक आणि नकाशा म्हटल्यावर त्यात काय काय असेल, ते तुम्हीच ताडा. प्रमाण होतं, सूची होती, माळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची होती. आणि त्याची सुरुवात होती पृथ्वीपासून. म्हणजे फोन उघडला की आधी पृथ्वी. आशियावर टिचकी, मग भारत, महाराष्ट्र, पुणे जिल्हा, इंदापूर, कॉलनी, घर, स्वयंपाकघर, ओटा, मांडणी, डबा. आणि डब्यावर टिचकी मारली की पान उघडे: "जिरे."

"पप्पा," बुद्धभूषण फोनवर म्हणाला, "जिऱ्याला पृथ्वी कशाला?"

"संदर्भाशिवाय स्थान नसतं," सर म्हणाले.

"आमच्याकडं तीन टिचक्यांत माणूस पोचला नाही तर साहेब ओरडतो."

"तुमच्या साहेबाचा भूगोल कच्चा असेल."

शालनबाईंनी जाण्याआधी हा सगळा प्रवास एकदा करून बघितला. आशियातून येताना त्यांचं बोट घसरून त्या मंगोलियात गेल्या, पण परत आल्या. मग त्यांनी सरांकडं असं बघितलं, की सरांना लग्नात घातलेला सदरा आठवला. "लई मेहनत घेतलीत हो," एवढंच त्या म्हणाल्या. स्टँडवर एसटीच्या खिडकीतून त्यांनी हात हलवला, आणि सरांनी, गाडी दिसेनाशी होईपर्यंत, खिशातला फोन हातानं दाबून धरला. तो आपण होऊन उडी मारून लागेल अशी त्यांना भीती वाटत होती.

पहिलीच फोडणी जळाली. त्यात नकाशाचा दोष नव्हता. तेल तापलं तेव्हा सर आशियात होते. पुणे जिल्ह्यात आले तेव्हा धूर निघाला होता, आणि जिरं हाती लागलं तेव्हा कढईत ज्वाला होती.

दुसऱ्या दिवशी ते शहाणे झाले. आधीच ओट्यापर्यंत येऊन थांबले, मग गॅस पेटवला. पिठल्याचा बेत होता. पीठ कालवलं, हळद घातली. मीठ? नकाशात शेगडीच्या उजव्या हाताला पहिली बरणी. सरांनी उजवा हात लांबवला, पहिली बरणी घेतली, आणि त्यातली पांढरी पूड मीठ म्हणून दोन चमचे टाकली.

पिठलं फसफसलं. मग फुगलं, मग वर आलं. आणि पिवळंधमक पिठलं बघता बघता विटकरी लाल झालं. सरांना वाटलं, तिखट आपलं आपण पडलं असावं. पहिला घास घेतल्यावर मात्र ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. तो खायचा सोडा होता.

आता झालं होतं असं. नकाशा म्हणजे उत्तर दिशा वर, हा सरांचा धर्म. शालनबाईंचा ओटा होता दक्षिणेच्या भिंतीला. म्हणजे ओट्यापाशी उभं राहिलं की तोंड दक्षिणेकडं, आणि नकाशात जे उजवीकडं ते प्रत्यक्षात डाव्या हाताला. मीठ डावीकडं होतं. दुसऱ्या कुणीही नकाशा उलटा फिरवला असता. पण दक्षिण वर केलेला नकाशा सरांनी हयातीत वापरला नव्हता, आणि पिठल्यासाठी तत्त्व मोडणाऱ्यांपैकी ते नव्हते. त्यांनी उपाय काढला. ते ओट्याकडं पाठ करून, उत्तरेला तोंड करून उभे राहू लागले आणि हात मागं नेऊन बरण्या काढू लागले. मागच्या दारातून शेजारच्या विजयमालावहिनींनी हे बघितलं, तेव्हा त्यांना वाटलं, सरांच्या पाठीत उसण भरलीय. त्या शेकायला विटकर तापवून घेऊन आल्या.

इथवर गोष्ट घरातली होती. ती घराबाहेर गेली ती चाचणीमुळं. बुद्धभूषणनं सांगितलं होतं, की असं काही केलं की ते चार फोनवर उघडून बघावं. सरांनी ते मनावर घेतलं, आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: "सदर संकेतस्थळ चाचणीसाठी. कृपया आपापल्या मोबाईलवर टिचकी मारून उघडते का ते कळवावे. – साहेबराव."

उघडलं. सगळ्यांच्या फोनवर उघडलं. आणि सगळ्या कॉलनीनं दुपारी जेवण झाल्यावर शालनबाईंच्या घरात शिरून एकेक डबा उघडून बघितला.

चारच्या सुमाराला विजयमालावहिनी आल्या.

"सर, तुमच्या माळ्यावर डाव्या कोपऱ्यात कुरडईचा साचा हाय म्हनं."

"आहे की. पितळी. सुस्थितीत." हा 'सुस्थितीत' शब्द सरांनी नकाशातही घातला होता, कुणीही न विचारता.

"शालनवहिनी तर म्हनल्या व्हत्या, चकती मोडली."

हे जाणकारांना समजावून सांगायची गरज नाही. शेजारपाजारात 'देत नाही' असं तोंडावर म्हणता येत नाही. म्हणून आपल्याकडं बायकांनी फार पूर्वीपासून 'मोडलंय', 'दिलंय' आणि 'सापडंना' असे तीन शब्द काढून ठेवलेत. त्यांच्यावर संसार चालतात. शालनबाईंनी इतकी वर्षं एकेक थाप जपून, आठवणीत ठेवून, कुणाला कुठली सांगितली याचा मेळ घालून चालवली होती. आणि सरांनी तिच्यावर टिचकी मारायची सोय केली होती.

नकाशा खोटा आहे, असं सर म्हणू शकले असते. पण ते त्यांच्यानं होईना. त्यांनी शिडी लावून साचा काढून दिला.

मग फुलाबाई आजी आल्या, गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या. 'लेकीकडं अंथुर्ण्याला दिलीय' असं शालनबाईंनी सांगितलेली पितळी परात कॉटखाली आहे, हे त्यांना नातवंडांनी दाखवलं होतं. त्या नुसत्या कॉटखाली बोट करून उभ्या राहिल्या. सर ओणवे झाले. विजयमालावहिनींचे यजमान सावळाराम तात्या आले आणि मोठं जर्मनचं पातेलं घेऊन गेले. घर रिकामं व्हायला लागलं.

पण आपल्याकडची एक रीत आहे. नेलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. परात आली ती पुरणपोळ्या घेऊन. साचा आला तेव्हा त्याच्यासोबत कुरडयांचा चीक, वाफाळता, वर तेल घालून. आणि तात्यांचं पातेलं आलं ते पळसदेवच्या माशांचं कालवण घेऊन. तात्यांनी ते दोन्ही हातांनी धरून आणलं होतं, वर फडकं टाकून. सरांच्या वडिलांच्या काळी जातीपायी ह्यांच्याकडचं भांडं त्यांच्याकडं जात नव्हतं, आणि त्यांच्याकडचं ह्यांच्याकडं येत नव्हतं. ही गोष्ट सरांना आठवली. पण कालवण गरम होतं. म्हणून त्यांनी आधी ते खाल्लं.

सर आता स्वतः होऊन भांडी देऊ लागले, हे सांगायला नको.

जेवणाची काळजी मिटली, पण नकाशा बिघडला. साचा माळ्यावर दाखवायचा, आणि असायचा विजयमालावहिनींकडं. चुकीचा नकाशा घरात ठेवणं म्हणजे सरांच्या मते साप ठेवणं. त्यांनी साच्याच्या चौकोनाला वहिनींच्या घराच्या जागेचा दुवा दिला. टिचकी मारली की कॉलनीच्या पानावर यायचं, आणि तिथून चपला घालून शेजारच्या घरात जायचं. आणि तिथंच सावळाराम तात्यांनी ते बघितलं.

"सर," ते पायरीवर उभे राहून म्हणाले. आत या म्हटलं तरी येईनात. "वीस वर्सं शेजारी हाय आमी."

"हो, मग?"

"तुमच्या नकाशात तुमचं घर हाय. आमच्या जागी नुसतं हिरवं हाय. पडीक रान दाखवलंय आमाला."

सरांनी बघितलं. खरंच होतं. कॉलनीत आपल्या एका घरापलीकडं त्यांनी सगळीकडं हिरवा रंग दिला होता, सोपा म्हणून. ते मनापासून ओशाळले. दोन दिवस खपून त्यांनी तात्यांचं घर काढलं. तात्या खुर्ची घेऊन शेजारी बसले. पोर्च काढा म्हणाले, पोर्चातली गाडी काढा म्हणाले, कारखान्याच्या सभेत मिळालेली ढाल भिंतीवर टांगलेली दिसली पाहिजे म्हणाले. सगळं झाल्यावर सरांनी वरची खोलीही काढली.

"ती नगं," तात्या पटकन म्हणाले.

"का? आहे ना?"

"हाय. पन कागदावर न्हाय."

सर धर्मसंकटात पडले. असलेली खोली नाही म्हणून दाखवणं म्हणजे हिमालय पुसण्यासारखं होतं. बरीच घासाघीस होऊन तडजोड झाली. खोलीच्या जागी ढग दाखवण्यात आला. मार्च महिन्यात, निरभ्र कॉलनीत, एकट्या तात्यांच्या घरावर एक चौकोनी ढग.

तो ढगच नडला. कुणीतरी तो नको तिथं दाखवला, आणि कर वसुलीच्या कार्यालयातून ज्ञानेश आला. हा सरांचाच जुना विद्यार्थी. दारातच वाकून पाया पडला, आणि मग उभं राहून अडखळत म्हणाला, "सर, तक्रार आलीय. कॉलनीत विनापरवाना सर्वेक्षण चाललंय म्हणून."

"सर्वेक्षण नाही रे. जिरं सापडत नव्हतं."

"ते लेखी द्यावं लागंल, सर."

सरांनी त्याला चहा दिला. ओट्याकडं पाठ करून केलेला. त्यात साखर होती की मीठ, हे ज्ञानेशच्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही. गुरूच्या हातचा म्हणून त्यानं तो संपवला. सरांनी खुलासा लिहून दिला. विषय: जिरे सापडणेबाबत. ज्ञानेशनं तो दोनदा वाचला.

"बरोबर हाय, सर. फकस्त सोबत घराचा उतारा जोडा. परवापत्तूर. न्हायतर साहेब नोटीस काढतील आणि मग ती मलाच तुमच्या दाराला डकवावी लागंल. मला ते बरं दिसनार न्हाय."

घर शालनबाईंच्या नावावर होतं. उतारा कुठं होता, ते त्यांनाच माहीत. सरांनी नकाशा उघडला. रबरबँड होते, बिस्किटाच्या डब्यातली सुईसुद्धा होती. पण मोजणीच्या नादात कागदपत्रांचा विषयच निघाला नव्हता. त्यांनी कपाट उपसलं, ट्रंक उपसली, गाद्या उलट्या केल्या. दाराला नोटीस लागणार. आयुष्यभर शाळेच्या फळ्यावर दुसऱ्यांच्या नोटिसा लावलेल्या माणसाच्या दाराला.

"बोलवून घ्या वहिनींना," तात्या म्हणाले. सगळं त्यांच्या ढगानं झालं होतं, म्हणून ते जास्तच काळजीत होते. "त्या शिबिराच्या हापिसाचा नंबर हाय ना तुमच्याकडं? तातडीचं असंल तर निरोप देत्यात म्हनं."

नंबर होता. शालनबाईंनी जाताना फ्रिजवर चिकटवला होता, आणि सर सात दिवस त्याच्याकडं बघायचं टाळून तूप काढत होते.

"तुमच्याजवळ कधी काही बोलली का हो?" सरांनी विजयमालावहिनींना विचारलं. "कागद कुठं ठेवते, काही?"

"कागदाचं न्हाय बाई. रोज दुपारी आमी पायरीवर बसतो, पन तवा वहिनी येगळंच बोलत्यात."

"कुठल्या पायरीवर?"

वहिनींना तो प्रश्न कळेचना. "मागच्या. नळाजवळच्या. पाय लांब करून बसत्यात की रोज. तुमी झोपलेलं असता तवा."

सर मागच्या दाराशी गेले. पायरी होती. तिच्या एका कडेला फरशी गुळगुळीत झाली होती, बसून बसून. शेजारी तुळशीच्या डब्यात, तो कुणाचा डबा होता कोण जाणे, गवती चहा लावला होता. सरांनी आख्खं घर टेपनं मोजलं होतं, पण ही पायरी नकाशात नव्हती. त्यांची स्वतःची खुर्ची होती. चष्म्याची जागा होती, वर्तमानपत्राची होती, वामकुक्षीची तर रंगवून दाखवली होती. शालनबाईंच्या पीठमिठाची जागा होती, शालनबाईंची नव्हती.

ते लॅपटॉप घेऊन बसले आणि पायरी काढली. चौकोन झाला, त्याला दुवा दिला, दुव्याला पान जोडलं. आता पानावर काहीतरी लिहायला हवं होतं. बरणीच्या पानावर लिहिलं होतं मीठ, डब्याच्या पानावर जिरे. ह्या पानावर काय? त्या इथं बसून कशाचा विचार करतात? काय वेगळंच बोलतात? वहिनींना विचारता आलं असतं. पण सरांना ते विचारावंसं वाटेना. कोऱ्या पडद्यापुढं ते बराच वेळ बसले, आणि मग ते पान तसंच सोडून फ्रिजजवळ गेले.

फोन लागला. पलीकडून एक बाई अतिशय शांत आवाजात बोलल्या.

"निरोप तातडीचा आहे का? असेल तर आम्ही ताईंना बाहेर बोलावतो."

सरांच्या डोळ्यापुढं नोटीस आली, तिच्यामागून ज्ञानेशचा ओशाळा चेहरा आला. मग एक रिक्षा आली, फाटकापासून माघारी फिरलेली.

"ती बरी आहे का?" त्यांनी विचारलं.

"सगळे साधक व्यवस्थित आहेत."

"मग काही निरोप नाही."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः वसुलीच्या कार्यालयात गेले आणि आणखी एक अर्ज दिला: "घरमालक मौनात असल्याने उतारा सापडत नाही. मौन सुटताच सादर करीन." असा अर्ज ह्यापूर्वी त्या कार्यालयात आला नव्हता. त्याला कुठला नियम लावायचा, हे कुणाला कळेना. साहेबांनी तो पुढच्या टेबलाकडं पाठवला, आणि ज्या अर्थी तो अजून फिरतोय असं म्हणतात, त्या अर्थी नोटीस निघाली नाही. तात्यांचा ढगही तसाच राहिला.

शालनबाई आल्या त्या हलक्या पावलानं. बोलायची सवय मोडल्यासारख्या, एकेक शब्द जपून काढत होत्या. स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. ओट्यावर साचा, परातीत कुरडया, पातेल्यात कुणाचे तरी लाडू, आणि त्यांच्या प्रत्येक डब्यात दुसऱ्याच घरचं काहीतरी.

"हा साचा माळ्यावर असतो," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात विजयमालावहिनी आल्याच. "वहिनी, तुमचा मोडलेला साचा लई झ्याक चालला बरं का."

काहीही झालं तरी मनाची समता ढळू द्यायची नाही, असं शालनबाई तिथं शिकून आल्या होत्या. ती सगळी त्या एका वाक्यात खर्ची पडली. वहिनी गेल्यावर त्या खाली बसल्या.

"अहो, थापा व्हत्या त्या माझ्या. एकेक करून जमवलेल्या."

"मला काय माहीत? 'सुस्थितीत' होता तो."

त्यावर शालनबाई हसायला लागल्या, आणि दहा दिवसांचं साठलेलं सगळं हसू एकदमच बाहेर आलं. मग सरांनी उताऱ्याचं विचारलं.

"तुमच्या ॲटलासात हाय. तुमाला नकाशे तोंडपाठ, तुमी तो कदी उघडता? म्हनून तितं सुरक्षित."

दुपारी जेवण झालं. सर रोजच्यासारखे आडवे झाले, आणि उठून बसले. मागच्या दाराशी गेले. शालनबाई पायरीवर पाय लांब करून बसल्या होत्या, हातात फोन. पृथ्वीपासून निघून त्या घरापर्यंत पोचल्या होत्या, आणि त्यांना नवा चौकोन दिसला होता. त्यांनी टिचकी मारली. पान उघडलं. कोरं.

"हितं काय लिवायचं राह्यलं?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

"मला माहीत नव्हतं," सर म्हणाले. "तू सांग, मी लिहितो."

शालनबाईंनी सरकून जागा केली. सर बसले. पायरी दोघांना जरा अपुरी होती.

"हापिसातल्या बाई म्हनल्या, तुमचा फोन आलता. आनि निरोप न्हाय म्हनालात."

"हं."

"तितं डोळं मिटलं की तुमीच दिसायचा. ओट्यापाशी, हातात झारा घेऊन, सगळे डबे उघडं टाकून. मंग चवथ्या का पाचव्या दिवशी म्हनलं, जाऊ द्या, मानूस उपाशी मरत न्हाय. तवा कुठं माझा श्वास मला दिसला." त्या थांबल्या. "हे लिवू नका."

"बरं."

"विजयमाला वाचंल."

"नाही लिहीत."

मग त्या सांगू लागल्या. काय काय सांगितलं ते सरांना ठाऊक आणि गवती चहाला ठाऊक. सरांनी खरंच काही लिहिलं नाही.

नकाशा अजून आहे. कॉलनीतली घरं त्यात वाढतच चाललीत, आणि पायरीचं पान अजून कोरंच उघडतं. सर, तुमचा एक दुवा बिघडलाय, असं कुणीतरी दर आठवड्याला ग्रुपवर कळवतं. ज्ञानेश तर दुरुस्त करून देतो म्हणून घरी आला होता. ते पान बरोबर आहे, असं सर त्याला म्हणाले. दुपारच्या वेळी मात्र त्यांना कुणी फोन केला तर ते उचलत नाहीत. लोकांना वाटतं, झोपले असतील.